ताट सरकवणारी सासू

इंदिरानगरला आमच्या चौकात एक भाजीवाल्या मावशी बसतात. त्यांनी एकदा मला मेथीची जुडी द्यायला साफ नकार दिला. "आधी त्या सुनेला माहेरी जाऊ द्या, मंग मेथी," म्हणाल्या. अर्धी चेष्टा होती, अर्धी नव्हती. शेजारी उभ्या असलेल्या बायकांनीही माना हलवून त्यांचीच बाजू घेतली. मी मुकाट्याने शेपू घेऊन घरी आले. माझ्या नवऱ्याला शेपूचा वासही सहन होत नाही, त्यामुळे त्या दिवशी टीव्हीवरच्या सुनेचा छळ त्यालाही भोगावा लागला.

मी मालिकेतली सासू आहे. रोज संध्याकाळी दिसणारी, घरंदाज आणि खाष्ट. हे काम माझ्याकडे आलं तेव्हा माझी पन्नाशी उलटली होती. त्याआधी मी एका पतसंस्थेत नोकरी करायचे आणि उरलेल्या वेळात हौशी नाटकांत कामं. हौशी नाटकांत मला तरुणपणीही आई, मावशी नाहीतर शेजारीण एवढंच मिळायचं, कारण माझं नाक मोठं आणि आवाज त्याहून मोठा. मग मुंबईच्या मालिका नाशिकला येऊन शूटिंग करू लागल्या. इथे बंगले ऐसपैस, हवा बरी आणि गाड्या लावायला जागा. अशाच एका मालिकेत मला शेजारणीची दोन वाक्यं मिळाली. सासूचं काम करणाऱ्या बाई मुंबईहून ये-जा करून कंटाळल्या आणि सोडून गेल्या, तेव्हा दिग्दर्शकाने माझ्या नाकाकडे जरा वेळ पाहिलं आणि विचारलं, "जमेल का?" मी घरी सांगितलं तर नवरा म्हणाला, "त्यात न जमण्यासारखं काय आहे, घरी रोजचाच रियाज आहे."

मी सुखात आहे हे सांगायला मला संकोच वाटत नाही. सकाळी गाडी दाराशी येते. गंगापूर रोडने सोमेश्वरच्या पुढे गेलं की तो बंगला. तिथे कोणीतरी माझे केस विंचरतं, कोणीतरी मला साडी नेसवतं, आयता चहा हातात येतो. जन्मभर दुसऱ्यांना चहा करून दिलेल्या बाईला याचं अप्रूप वाटणारच. काम मात्र चेंगट. एकच वाक्य समोरून म्हणायचं, मग डावीकडून, मग उजवीकडून, आणि दर वेळी तितकंच रागावायचं. संवाद पुष्कळदा ऐन वेळी हातात पडतात, त्यामुळे आपण कुणावर आणि कशासाठी चिडलोय हे चिडायला लागल्यावर कळतं. पण मला ते सगळं आवडतं. तोंडाला रंग लावून बसले की माझे गुडघेसुद्धा दुखायचे थांबतात.

माझी सासू लोकांच्या लक्षात राहिली ती एका ताटामुळे. सून दिवसभर राबून जेवायला बसते आणि सासू तिच्या पुढचं ताट उडवून देते, असं लिहून आलं होतं. भात भिंतीवर, आमटी जमिनीवर, वर ढगांचा गडगडाट. मी दिग्दर्शकाला म्हटलं, असं कोणी करत नाही हो. आमच्याकडे कितीही वाईट बाई असली तरी अन्न फेकणार नाही. अन्न फेकलं तर पाप लागतं. सासू पापाला घाबरते, सुनेला नाही. तो म्हणाला, मग काय करते? मी सुनेच्या समोर उभी राहिले, वाकले, ताटाच्या कडेला एक बोट लावलं आणि ताट हळूच बाजूला सरकवलं. "राहू दे," म्हटलं. आवाज न चढवता. सुनेचं काम करणारी मुलगी खरोखरच हात मांडीत घेऊन बसली, तिला कोणी सांगितलेलं नसताना.

तेव्हापासून ते ताट चालू झालं. सणावाराला, पाहुण्यांसमोर, सुनेला ताप असताना. लोक मोबाईलवर त्याचे तुकडे एकमेकांना पाठवू लागले. आमच्या सोसायटीतली मुलं डबा खाताना एकमेकांचे डबे सरकवून "राहू दे" म्हणू लागली. कुणी विचारलं की हे तुम्हाला कसं सुचलं, तर मी "निरीक्षण" असं म्हणायचे. तो शब्द मुलाखतीत चांगला दिसतो.

खरं सांगायचं तर ते माझ्या सासूबाईंचं होतं. लग्नाच्या पहिल्या वर्षी माझी भाकरी जाड झाली. मी सगळ्यांना वाढून शेवटी जेवायला बसले, तेव्हा त्यांनी येऊन माझं ताट एका बोटाने बाजूला केलं. "राहू दे." एवढंच. कोणी ओरडलं नाही, कोणी मारलं नाही, त्यामुळे माहेरी जाऊन सांगण्यासारखंही काही नव्हतं. काय सांगणार, ताट सरकवलं? आणि बाई तशा वाईट नव्हत्या. माझ्या बाळंतपणात त्यांनी माझं सगळं केलं, शेवटच्या आजारपणात माझ्याशिवाय कुणाच्या हातचं पाणी घेतलं नाही. त्या गेल्या तेव्हा मी मनापासून रडले. पण ते बोट माझ्याकडे राहून गेलं होतं, आणि त्याच्यावर माझं नाव झालं.

मग माझ्या मुलाचं लग्न निघालं आणि तिथे हे ताट आडवं आलं.

माझा मुलगा कोल्ड स्टोरेजची यंत्रं दुरुस्त करतो. त्या कामासाठी त्याला सारखं पिंपळगाव बसवंतला जावं लागतं. तिथल्या एका पॅकहाउसमध्ये परदेशी जाणाऱ्या द्राक्षांची तपासणी करणारी एक मुलगी त्याला आवडली आणि तिलाही तो. मुलगी शिकलेली, चुणचुणीत, घर शेतकऱ्याचं, द्राक्षबागा असलेलं. फोटो पाहूनच मी खूश. वडिलांनी चौकशी केली, सोयरेधायरे जुळले, त्यांनी होकार भरला. अडलं ते मुलीच्या आईपाशी. "त्या बाईच्या हाताखाली माझी पोर द्यायची नाय," असं तिने सांगितलं.

आधी आम्ही सगळे हसलो. तिच्या घरचेही हसले म्हणे. टीव्हीला खरं मानणारी भोळी बाई, येईल वळणावर, असं सगळ्यांना वाटलं. पण ती तसूभरही हलली नाही. आणि मुलीने माझ्या मुलाला सांगितलं की आई मनापासून हो म्हणत असेल तरच, नाहीतर आपण इथेच थांबू. त्या दिवशी तो घरी आला आणि जेवायला नको म्हणाला. मी खोदून विचारलं तेव्हा म्हणाला, "आई, तू हे काम घेतलं नसतंस तर..." आणि वाक्य तिथेच सोडून दिलं.

मला ते फार लागलं. एकदा वाटलं, द्यावी सोडून मालिका, पोराच्या सुखापुढे काय आहे. लगेच वाटलं, का म्हणून? इतक्या वर्षांनी हातात आलेली आवडीची गोष्ट एका अनोळखी बाईच्या समजुतीपायी सोडायची? दोन्ही वाटणं खरी होती आणि दोन्ही एकमेकांशी भांडत होती. शेवटी मुलीच्या वडिलांनी मध्यममार्ग काढला. म्हणाले, निदान घर तरी बघून येऊ, मग काय ते ठरवा. रविवार ठरला. मी पडदे धुतले, देव घासले, सगळे डबे काठोकाठ भरले. घर बघायला आलेल्या बायका स्वयंपाकघरात शिरून डबे उघडतात हे मला ठाऊक होतं. मीही उघडलेत.

ते शनिवारीच आले. ही त्या आईचीच कल्पना. सांगून गेलं की आवरलेलं घर दिसतं, न सांगता गेलं की खरं दिसतं, असा तिचा हिशेब होता. मुलीला पत्ता विचारला तर ती आम्हाला कळवेल, म्हणून शहराच्या तोंडाशी गाडी थांबवून त्यांनी लोकांनाच विचारलं, मालिकेतल्या त्या सासूबाईंचं घर कुठं? आता माझा इंदिरानगरचा फ्लॅट पोस्टमन सोडून कुणाला माहीत नाही, आणि शूटिंगचा बंगला सगळ्यांना माहीत. लोकांनी मोठ्या आपुलकीने त्यांना बंगल्याचा रस्ता दाखवला.

खरं घर बघायला निघालेली माणसं अशी नेमकी खोट्या घरात पोहोचली. त्यातून त्या दिवशी मालिकेतल्या सुनेच्या डोहाळजेवणाचा सीन होता. पाहुण्या म्हणून बसायला बायका बोलावल्या होत्या. ठेवणीतलं हिरवं लुगडं, हातभर बांगड्या अशी एक बाई फाटकाशी उभी राहिलेली पाहून वॉचमनने तिला त्यांच्यातलीच समजून आत सोडलं. तिच्या नवऱ्याला म्हणाला, पुरुषांचं काम नाही आज, तुम्ही झाडाखाली बसा. ती आत आली ती थेट स्वयंपाकघरात गेली. डाळीचा डबा उघडला, रिकामा. तांदळाचा, रिकामा. फ्रीजमध्ये प्लास्टिकचं सफरचंद आणि कुणाचा तरी चार्जर. नळ सोडला तर पाणी नाही. हे तिने मला नंतर सांगितलं, तेही एकेक डबा मोजल्यासारखं. तेवढ्यात कपडेपटातली मुलगी येऊन "मावशी, इकडे कुठे, चला," म्हणाली, तिच्या पदराला पिन लावली आणि तिला नेऊन डोहाळजेवणाच्या घोळक्यात पहिल्या रांगेत बसवलं.

मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मी आले, उभी राहिले, सुनेच्या पुढचं भरलेलं ताट एका बोटाने सरकवलं. "राहू दे." कॅमेरा थांबला तसा दिग्दर्शक म्हणाला, "ती हिरव्या लुगड्यातली बाई कोण? बाकीच्या नुसत्या बसल्यात, तिचा चेहरा बघा." मी वळून पाहिलं. बाईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसतही नव्हती. मग मी तिला ओळखलं. मुलाच्या मोबाईलवर मुलीच्या फोटोत मागे ती उभी होती.

जेवणाची सुट्टी झाली. ती उठून पुन्हा त्या खोट्या स्वयंपाकघरात गेली आणि मी तिच्या मागे.

"हे तुमचं घर नाय," ती म्हणाली.

"नाही. माझं घर इंदिरानगरला. तिथल्या डब्यांत डाळ आहे."

ती हसली नाही. "ताई, मी काय येडी नाय. टीव्ही खोटा असतो ते मला बी कळतं. ते दुधात औषध कालवणं, ते जिन्यावरून ढकलणं, ते समदं खोटं. पण ते ताट खरं हाय. लिहिणाऱ्याला ते सुचायचं नाय. कुणाचं हाय ते?"

इतक्या वर्षांत असं कुणी विचारलं नव्हतं. माझ्या तोंडावर "निरीक्षण" आलं होतं, पण तिच्याकडे बघून ते म्हणवेना. "माझ्या सासूबाईंचं," मी म्हटलं.

"राहू दे म्हणायच्या?"

"हो. हळू."

"आमच्या आत्याबाई बी हळूच म्हणायच्या." तिकडे सासूला आत्याबाई म्हणतात. ती ओट्याला टेकली. मला वाटलं, चला, आता जमलं. दोघी एकाच जात्यात भरडलेल्या. मी म्हटलं, "मग तुम्ही कशाला घाबरता? जिने सोसलं ती दुसऱ्या पोरीला तसं करणार नाही."

"मला बी तसंच वाटायचं," ती म्हणाली. "परवा माझ्या सुनेनं भाजीत तेल जास्त घातलं. माझं बोट कवा गेलं मलाच कळलं नाय. ती पोर हात मांडीत घेऊन बसली. मी बसायचे तशीच. मला तवापासून झोप नाय ताई. मी आयुष्यात एकदा केलं तर ही गत. तुम्ही तर रोज करता. रोज सवय लावता हाताला."

याचं माझ्याकडे एक ठरलेलं उत्तर आहे. राग सेटवर वापरून संपतो, घरी न्यायला उरत नाही. लोकांना ते फार आवडतं, टाळ्याही येतात. ते मी म्हटलं असतं तर कदाचित निभावलं असतं. पण समोरच्या बाईने आत्ताच आपल्या मनातलं सगळं उघडं करून ठेवलं होतं, तिच्यापुढे हे पाठ केलेलं वाक्य कसं टाकायचं?

"मला माहीत नाही," मी म्हटलं. "तुमची पोर माझ्या घरात आली आणि एखाद्या दिवशी मी थकलेली असले, भाकरी जाड झाली, तर माझं बोट कुठे जाईल ते मी आज सांगू शकत नाही."

बोलून तर गेले. पोराचं लग्न मी माझ्याच तोंडाने मोडलं असं वाटलं. तेवढ्यात मालिकेतली सून ते डोहाळजेवणाचं ताट घेऊन आली. सुट्टीनंतर तिचे जवळून शॉट घ्यायचे होते म्हणून ताट तसंच ठेवायचं होतं. ओट्यावर ठेवून ती गेली.

मुलीच्या आईने ते ताट उचललं, खाली फरशीवर ठेवलं आणि त्याच्यापुढे मांडी घालून बसली. "करा," म्हणाली.

"काय?"

"मला करा. तवा काय करायचं असतं ते मला कवाच कळलं नाय. बघू द्या आता तरी कळतंय का."

मी नको म्हणायला हवं होतं. पण नटीला कोणी "करा" म्हटलं की तिचं शरीर आधी उठतं. मी तिच्यासमोर वाकले, कडेला बोट लावलं, ताट सरकवलं. "राहू दे."

तिचे हात मांडीत गेले. मान खाली. मला वाटलं आता ही ढसाढसा रडणार, आणि मी हे काय करून बसले. मग तिने हात वर काढले आणि ताट दोन्ही बाजूंनी घट्ट धरलं.

"जेवू द्या मला, आत्याबाई," ती म्हणाली. "सकाळपासून उभी हाय मी."

माझं बोट अजून ताटावरच होतं. पुढचं वाक्य मला कोणी लिहून दिलेलं नव्हतं. मालिकेत असं कधी होतच नाही, सून कधी ताट धरत नाही. मी खाली बसले आणि ताट तिच्याकडे परत ढकललं. "जेव बाई," म्हटलं. "चुकलं माझं." हे मी तिच्या आत्याबाईंच्या वतीने म्हटलं की माझ्या सासूबाईंच्या, ते मला आजही सांगता यायचं नाही. माझ्याही डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि कॅमेऱ्यासमोर येतं तसं नव्हे, नाक गळायला लावणारं.

ती जेवू लागली. भात गार होऊन दगड झाला होता, जिलबी सकाळपासून दिव्यांखाली वाळलेली. तिने ते सगळं शांतपणे, नीट कालवून खाल्लं. मी बाहेर जाऊन युनिटच्या जेवणातलं गरम वरण आणलं आणि तिच्या भातावर वाढलं. तिने आणखी मागितलं तेव्हा आणखी आणलं. कुणाला वाढताना इतकं बरं मला फार दिवसांत वाटलं नव्हतं.

झाडाखाली बसून कंटाळलेले तिचे मालक तिला शोधत दारात आले. त्यांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग ताटाकडे. "जेवाया बसली?" म्हणाले. "मंग ठरलंच म्हणायचं की." त्यांच्याकडे सोयरीक पक्की झाल्याशिवाय मुलाकडच्या अन्नाला हात लावत नाहीत, हे मला तेव्हा कळलं. मी घाबरून म्हटलं, अहो, हे माझं घर नाही, हे अन्नही माझं नाही. "वाढलं कुणी?" त्यांनी विचारलं. वरणाची वाटी अजून माझ्याच हातात होती.

"ठरलं," ती म्हणाली. "पण पोरीच्या ताटाला बोट लागलं तर ती मला सांगंल. मंग मी येईन. न सांगता येईन."

"या," मी म्हटलं. "आणि तुमच्या सुनेच्या ताटाला लागलं तर तिने कुणाला सांगायचं?"

विहिणीची चेष्टा करायचा मला आता हक्क आला होता, म्हणून मी आपलं सहज म्हटलं. पण तिचा घास हातातच राहिला. तिने तो ताटात परत ठेवला, डावा हात लुगड्याला पुसला, कनवटीचा मोबाईल काढला आणि तिथेच फरशीवर बसल्या बसल्या घरी सुनेला लावला.

"ऐक," ती म्हणाली. "तुला एक नंबर देते, घेऊन ठेव. टीव्हीवरच्या त्या सासूचा हाय. इथून पुढं मी तुझ्या ताटाला हात लावला तर हिला फोन करायचा. मला विचारायचं बी नाय."

पलीकडे डबे सरकवल्याचा, पेन शोधल्याचा आवाज आला. मग सून म्हणाली, "सांगा नंबर."